कावळ्याचं घरटं: तुम्ही काय पाहिलं?

महिन्याभरापूर्वी कूलर बाहेर काढला तर एका बाजूची ताटी विरळ झालेली. आत ऊन दिसत होतं. उंदीर असेल म्हणून रात्री पिंजरा लावला, पिंजरा रिकामा. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात बाजेवर जाग आली, तेव्हा चोर सापडला. कावळा! एका पायाने जाळी धरून, मान तिरपी करून, ताटीतलं गवत एकेक झुबका ओढत होता. चोचीत मावेनासं झालं की गवत जमिनीवर ठेवायचा, नीट गोळा करायचा, पुन्हा उचलायचा आणि समोरच्या कडुलिंबावर जायचा. बायको म्हणाली हाकला त्याला. मी म्हटलं, तीस रुपयांची ताटी आहे, जाऊ दे, बघू तरी काय करतो.

तेव्हापासून तीन आठवडे रोज सकाळचा चहा लिंबाखाली. कावळा रोज दिसतो, पण चाळीस वर्षांत मी त्याचं घरटं एकदाही धड पाहिलं नव्हतं. म्हणून हा धागा. आपापल्या गावचं लिहा. कोणतं झाड, काय काय नेतात, अंडी-पिल्लं, कोकिळेची भानगड, डोक्यावर खाल्लेल्या टोचा, सगळं चालेल. अट एकच: डोळ्यांनी पाहिलेलं लिहा, व्हॉट्सॲपवर आलेलं नको.

(आर्वीकडून, धागा काढणारा)

*

दर्यापूरकडचा कास्तकार

भाऊ, मी खारपाणपट्ट्यातला. आमच्याकडे झाड म्हनजे बाभूय. गावात लिंबं हायेत चार-दोन, पन वावरात पाहासान तं बाभूयच बाभूय. आता बुढे लोकं सांगतात का कावयानं बाभयीवर घरटं केलं तं पाऊस दगा देते, अन् आंब्यावर नाहीतं करंजीवर केलं तं पानीच पानी. मंग मले सांगा राजेहो, ज्या शिवारात आंबाच नाही तिथच्या कावयानं काय आंबा भाड्यानं आनाव? असं पाह्यलं तं आमच्याकडे दरसाल दुष्कायच निंगते. (तसा तो निंगतेच म्हना, पन त्याच्यात कावयाचा काय कसूर?)

२०१३ ची गोठ सांगतो. धुऱ्यावरच्या बाभयीवर घरटं पार शेंड्यावर. शेंड्यावर म्हनजे कोरडा साल, हे लहान पोट्टं बी सांगते. आमच्या बापानं त्याच्या भरोशावर सोयाबीन कमी केलं अन् तूर वाढवली. त्या साली पाऊस असा बसला का सोयाबीन तं सडलंच, तुरीच्या मुया बी वावरात कुजल्या. तवापासून बापानं कावयाचं नाव घेतलं नाही. पन बाभयीखालून जाताना मान वर करून पाह्याची सवय काही सुटली नाही त्याची.

*

जळगाव जामोद तालुक्यातून

कास्तकार भाऊ, झाडावरून नाही, दिशेवरून पाहतात. पूर्वेच्या फांदीवर घरटं असलं तर पाऊस चांगला, पश्चिमेला असलं तर बेताचा. आमच्या बाजूलाच भेंडवळ आहे, अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत ऐकायला शिवार भरतं. माझे वडील भेंडवळचं ऐकून यायचे आणि मग घरी येऊन घरट्याशी ताडून पाहायचे. दोन्ही जुळलं तर सावकाराकडे जायचे, नाही जुळलं तरी जायचे.

*

लाइनमन, यवतमाळ जिल्हा

आमचं कावळ्यांशी वैर नाही, पण मे महिन्यात आमची भेट खांबावरच होते. खांबाला आडवा लोखंडी अँगल असतो ना, त्याच्या बेचक्यात त्याला आयती बैठक मिळते. नुसत्या वाळक्या काड्या असल्या तर चालून जातं. पण हा पठ्ठ्या बांधकामावरची बाइंडिंगची तार आणतो, तिचं एक टोक लोंबत राहतं, वारा सुटला की ते टोक वरच्या तारेला भिडतं आणि फीडर बसतो, म्हणजे गावाची लाइट जाते. गाव म्हणतं लाइनमन झोपला.

नवीन असताना एकदा परमिट (लाइन बंद करून चढायची परवानगी) घेऊन चढलो. घरट्यात चार अंडी. निळसर-हिरवट, वर तपकिरी शिंतोडे. खाली टाकायचा धीर होईना. अख्खं घरटं बादलीत घेतलं, खाली उतरलो आणि पंधरा पावलांवरच्या लिंबात, दोन फांद्यांच्या बेचक्यात सुतळीने बांधून दिलं. मला वाटलं पुण्य केलं. तो जोडा लिंबाकडे फिरकलाच नाही. अंडी तिसऱ्या दिवशी गायब, आणि आठवड्याच्या आत त्याच खांबावर, त्याच अँगलवर पुन्हा काड्या.

आता घरट्यात पिल्लं असली तर मी पक्कडने फक्त लोंबत्या तारा कातरतो आणि उतरतो. रजिस्टरमध्ये ‘घरटे काढले’ असंच लिहितो.

*

दारव्हा तालुक्यातली, आता अमरावतीत राहते

लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते.

मी आठवीत असतानाची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा तीन दिवस बाहेर बसवायचे. कोणी विचारलं की आई सांगायची, ‘कावळा शिवला तिला.’ कोठ्याच्या ओसरीत, तट्ट्याच्या आडोशाला माझी बाज, वेगळं ताट, वेगळा गडवा. शाळा नाही, पुस्तकाला हात लावायचा नाही. समोर कडुलिंब. खरा कावळा लिंबावर होता आणि मला शिवणं सोडाच, माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

चैत्र होता. घरटं जवळजवळ झालेलं. तीन दिवसांत मी एवढं पाहिलं की कावळा खालच्या काड्या फारशा उचलत नाही, झाडावरची वाळकी काडी चोचीने वाकवून कडकन मोडतो. काडी लांब निघाली आणि बेचक्यात बसली नाही की सोडून देतो. खाली पडलेली पुन्हा उचलायला येत नाही, नवीन आणतो. त्यामुळे लिंबाखाली काड्यांचा ढीग. तो आमच्या चुलीत जायचा. एक बसून राहायचा आणि दुसरा आणून द्यायचा. बसलेला कावळा छातीने दाबत गोल गोल फिरायचा, पाटावरवंट्याजवळ बूड टेकायला जागा करतो तसा.

तिसऱ्या दिवशी दुपारी काळा कोकीळ आला आणि अगदी उघड्यावर, वरच्या फांदीवर बसून ओरडायला लागला. दोन्ही कावळे त्याच्या मागे लागले, पार विहिरीपर्यंत. तेवढ्यात पानांतून एक ठिपक्यांची, तपकिरी कोकिळा निघाली, घरट्यात शिरली आणि मला दोन श्वास घ्यायला लागले असतील-नसतील तोवर बाहेर. मी बाजेवर उठून उभी राहिले. सांगायला कोणी नव्हतं, हाक मारली असती तर आईला वाटलं असतं पाणी पाहिजे.

मग एकदम पुढच्या महिन्यात. माझं घरटं असं हप्त्याहप्त्याने दिसायचं. मधल्या पंचवीस दिवसांत शाळा, धुणं, वावरातली न्याहारी, लिंबाकडे बघायला फुरसत कुठे? या वेळी घरट्याच्या काठावरून लाल तोंडं वर यायची. तीन. त्यातलं एक सगळ्यांच्या आधी वर येणारं. कावळी आली की घास बहुतेक त्यालाच.

तिसऱ्या हप्त्याला मृग लागलेला. पिल्लं बाहेर फांदीवर. दोन कावळ्याची, गळ्याशी राखाडी. तिसरं काळपट, अंगावर पांढुरके ठिपके, पंख थरथरवत कावळीच्या मागे मागे. मी आजीला म्हटलं, ‘आजी, ते पिल्लू तिचं नाही. तिला कळत नाही का?’ आजी गोठ्यातून शेण भरत होती. म्हणाली, ‘कळलं तं का करन? तोंड उघडून समोर बसलं का घास टाकाच लागते.’

हे सगळं मी पहिल्यांदा माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती आधी बाहेर बसवण्यावरूनच चिडली. मग म्हणाली, चौथ्या महिन्यात काय झालं? चौथ्या महिन्यात पाऊस बसला होता. ओसरी गळायची म्हणून मला आतल्या दाराशी बसवलं. तिथून लिंब दिसत नव्हता.

*

धागा काढणारा

ताई, बरं झालं लिहिलंत. माहिती म्हणून एक भर घालतो: कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याच्या दोन-तीन दिवस आधी फुटतं. कावळ्याला सोळा-सतरा दिवस लागतात. म्हणून ते तोंड आधी वर येतं. आणि कोकिळेचं पिल्लू कावळ्याची पिल्लं ढकलून देतंच असं नाही, बरेचदा एकत्र वाढतात, तुम्ही पाहिलं तसंच.

*

आजोबा, हिंगणघाटजवळून

नातवाला ‘कावळ्याचं घर शेणाचं’ सांगून झोपवलं होतं. सकाळी घरटं दाखवलं तर पोरगं रडायला लागलं, शेण कुठंय म्हणून. शेवटी एक गोवरी झाडाच्या खोडाला टेकवून ठेवावी लागली.

*

साकोलीकडून

आमच्या झाडीपट्टीतला मुख्य कावळा म्हणजे डोमकावळा. गावकावळ्याची मान राखाडी असते, हा पूर्ण काळा, चोच जाड, आवाज घसा बसल्यासारखा. गावकावळे एकाच वाडीत दहा-दहा घरटी करतील, हा एकटा, रानाच्या कडेला उंच झाडावर. आणि गावकावळ्याच्या आधी सुरू करतो. आमचा मोह वेचायचा मौसम आणि त्याची पिल्लं एकाच वेळी.

मोह पहाटे वेचायचा असतो, ऊन चढायच्या आत. ज्या झाडाखाली आमची जागा, त्याच्या शेजारच्या येनाच्या (ऐनाच्या) झाडावर त्याचं घरटं. खाली वाकलं की पाठीमागून सपकन येणार, डोक्यावर टोच मारून वर. समोरून कधीच येत नाही. आई डोक्यावर टोपलं घालून वेचायची. मग मी शहाणपणा करून टोपल्याच्या मागच्या बाजूला कोळशाने दोन मोठे डोळे काढले. पहिला दिवस कावळा आलाच नाही. मी गावभर सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी तो येऊन टोपल्यावरच बसला.

आमच्या शेजारच्या काकूंना कधीच मारलं नाही. वेचायच्या आधी भाकरीचा तुकडा झाडाखाली ठेवायच्या. माणूस ओळखतो तो, याबद्दल मला शंका नाही.

*

पैनगंगेच्या काठावरून

माझ्या मामाचा दहावा जेठ महिन्यात आला. नदीच्या रेतीत पिंड ठेवले, सगळे मागे सरकलो. अशा वेळी कावळा दोन-दोन तास येत नाही, मग काय राहिलं, कोणाचा शब्द द्यायचा, सगळी चर्चा होते. इथे पिंड ठेवून हात धुतोय तोवर कावळा हजर. मोठे मामा म्हणाले, ‘तृप्त गेला माणूस.’

मी जवळ होतो म्हणून दिसलं. तो भात गिळतच नव्हता. चोचीने घ्यायचा, मान खाली-वर करायचा आणि जिभेखाली कोंबायचा. हनुवटीखाली चांगलं लिंबाएवढं फुगलं. तरी एक घास वरून चोचीत घेतला आणि काठावरच्या अर्जुनाच्या झाडावर गेला. तिथून लगेच पिल्लांचा गिलका. दोन मिनिटांत परत, पुन्हा तेच. शिवला कसला, डबा भरून घेऊन गेला. मी कोणाला बोललो नाही. मामीने विचारलं तेव्हाही ‘लगेच शिवला’ एवढंच सांगितलं.

*

धागा काढणारा

हे वाचून आठवलं. दर पितृपक्षात एक निरोप फिरतो, की भाद्रपदात कावळीला पिल्लं असतात म्हणून पूर्वजांनी तिला खाऊ घालायला सांगितलं, आणि वड-पिंपळ फक्त कावळ्याच्या पोटातूनच रुजतो. अट मोडून मीच व्हॉट्सॲप आणतोय, पण यासाठीच. वर एवढ्या जणांनी लिहिलंय, चैत्र, वैशाख, जेठ, मृग. भाद्रपदातलं घरटं एकानेही पाहिलेलं नाही. आमच्या लिंबावरची पिल्लं तीन-चार आठवड्यांत उडायला लागली आणि पोळ्यापर्यंत आई-बापांसारखीच दिसायला लागली. आणि वड-पिंपळाची फळं मैना, बुलबुल, हरियल, वटवाघळं सगळेच खातात. देवळाच्या कळसावर पिंपळ उगवतो तो एकट्या कावळ्याचा प्रताप नाही. घास जरूर टाका, कारण खोटं कशाला द्यायचं?

*

मोर्शीकडून, संत्र्याचा बगीचा

माझं छोटंसं आहे. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वावधन, म्हणजे वादळ, सुटलं आणि बांधावरच्या चिंचेवरचं घरटं खाली आलं. पिल्लं आधीच उडाली होती. पोरांनी ते उलगडायला घेतलं. बाहेरून बाभळीच्या काड्या, मध्ये तारा, आतल्या वाटीत काथ्या, शेळीचे केस, कूलरचं गवत (आर्वीकर भाऊ, घ्या), दाव्याच्या सुतळ्या आणि माझ्या आईच्या गंगावनाचा एक पुंजका. आई दोन महिन्यांपासून तो सुनेला विचारत होती.

तारांचे तुकडे मोजले, अठ्ठावीस. त्यातल्या लांब नऊ माझ्याच कुंपणाच्या. ठिबकच्या नळ्या बांधायला कामी येतील म्हणून ठोकून सरळ केल्या आणि पत्र्याच्या डब्यात घालून विहिरीवरच्या खोलीत ठेवल्या. खोलीला दार आहे, खिडकीला नाही. यंदा चैत्रात डबा उघडला तर चारच.