घरातलं माणूस गेल्यावरची पहिली दिवाळी: फराळ, पाडवा आणि येणारी-जाणारी माणसं

दारातली_तुळस:
सासूबाई यंदा आषाढात गेल्या. दहावं-तेरावं रीतसर झालं, मासिक श्राद्धं चालू आहेत. आता १७ ऑक्टोबर २०२५ ला वसुबारस. घरात सासरे (वय ७४), आम्ही दोघं आणि दोन मुलं, ९ वर्षांचा मुलगा आणि ५ वर्षांची मुलगी. नणंद भाऊबीजेला येणार आहे. चुलत सासूबाई म्हणतात वर्षभर कढई चढवायची नाही, कंदील लावायचा नाही. मुलांनी किल्ल्यासाठी माती आणून ठेवली आहे. सासऱ्यांना विचारलं की "तुम्हाला हवं ते करा" म्हणतात. नेमकं काय करायचं, काय सोडायचं? आणि चकलीची भाजणी सासूबाईच करायच्या, प्रमाण कुठेही लिहिलेलं नाही. तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

पंचांगवाले_काका:
आधी सुतक आणि दुखवटा वेगळे करा, निम्मा गोंधळ तिथंच संपतो. सुतक १० दिवसांचं, ते आषाढातच फिटलं. लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं ३ दिवसांचं असतं, त्यामुळे नणंदेच्या ओवाळण्यालाही अडचण नाही. सुतक फिटलं की रोजची देवपूजा आणि कुळाचार सुरू होतात. वर्षभर पुढे ढकलतात ती मंगलकार्यं: लग्न, मुंज, वास्तुशांत. कढई न चढवणं, कंदील न लावणं, गोड न करणं ही रूढी आहे. घराघरात, जातीजातीत, जिल्ह्याजिल्ह्यात ती बदलते. पाळायची तर जरूर पाळा, पण 'शास्त्रात आहे' म्हणून कुणी दामटत असेल तर गप्प बसायचं कारण नाही.

त्यामुळे १८ तारखेच्या धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून, वात दक्षिणेकडे ठेवून यमदीपदान करा. २१ तारखेचं लक्ष्मीपूजनही करा: केरसुणी, लाह्या-बत्तासे, धणे-गूळ, एवढं पुरे. १९ तारीख मधे मोकळी आहे, २० ला नरकचतुर्दशी. माणसांना भेटायला बोलवायचं तर तो १९ चा रविवारच ठेवा.

एक महत्त्वाचं. वर्षश्राद्ध तिथीनं येतं आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. त्यामुळे इंग्रजी तारीख बरीच पुढे सरकते. आषाढी एकादशी यंदा ६ जुलैला होती, पुढच्या वर्षी २५ जुलैला आहे, त्यावरून अंदाज येईल. मासिक श्राद्धही एक वाढतं. गुरुजींकडून सगळ्या तारखा आत्ताच एका कागदावर लिहून घ्या. जून-जुलैमध्ये सगळे 'वर्ष झालं' समजून रजा टाकतात आणि मग धावपळ होते.

कढईवाली:
काकांचं बरोबर, पण चुलत सासूबाईंनाही उगाच तोडू नका. दुखवट्याच्या घरी तळण होत नाही आणि भावकी, शेजारी फराळाचे डबे आणून देतात ही रीत निघाली तीच मुळी घरच्या बाईला त्या वर्षी चुलीपुढे उभं राहावं लागू नये म्हणून, असं मी समजते. आता गंमत अशी होते की दहा घरांतून डबे येतात आणि दहाही डब्यांत चिवडा-शंकरपाळेच. घरात माणसं पाच, त्यात एखाद्याला साखरेचा त्रास, आणि महिनाभर कुणालाच भूक नाही. म्हणून आधीच सांगून टाका. संकोच करू नका, लोक विचारतातच "काय आणू?" एकीला फक्त बेसनाचे लाडू सांगा, एकीला चिवडा. बाकीच्यांना सरळ सांगा की फराळ नको, २० ते २३ मधला एक दिवस वाटून घ्या आणि पोळी-भाजीचा डबा द्या. नरकचतुर्दशीच्या दुपारी त्याचीच गरज असते, लाडवाची नाही.

आलेल्या डब्यावर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा. ओल्या नारळाच्या करंज्या आणि रवा-नारळाचे लाडू पहिल्या चार दिवसांत संपवा, बाहेर ठेवले तर आंबतात. बेसन लाडू दोन-तीन आठवडे राहतात. चिवडा, चकली घट्ट झाकणाच्या डब्यात. वेगवेगळ्या घरचा चिवडा एकत्र करू नका. एकातलं खोबरं किंवा दाणे खवट निघाले की सगळा डबा वाया जातो. रिकामा डबा परत करताना त्यात काही घालायचा नेम यंदा सोडला तरी कुणी काही म्हणत नाही.

गिरणीपलीकडची:
भाजणीबद्दल. प्रमाण शोधण्याआधी वाटी शोधा. डाळीच्या किंवा पिठाच्या डब्यात कायम पडलेली असते तीच मापाची वाटी. प्रमाण त्या वाटीचं होतं, तुमच्या वाटीचं नाही. मग तीन ठिकाणी विचारा: त्यांची बहीण किंवा जाऊ, नेहमीची गिरणी, आणि नेहमीचं किराणा दुकान. दरवर्षी दिवाळीआधी काय काय किती न्यायच्या, हे दुकानदाराच्या बरेचदा लक्षात असतं. गेल्या वर्षीचं पीठ तळाशी उरलं असेल तर तळू नका, वासावरून धणे जास्त की जिरं एवढं मात्र कळतं.

काहीच हाती लागलं नाही तर हे घ्या: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, जाडे पोहे अर्धी, धणे पाव वाटी, जिरे २ चमचे. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. तांदूळ हलका होऊन फुलल्यासारखा दिसला की बास, डाळी गुलाबी झाल्या की उतरवा. लाल केल्या तर चकली कडवट होते. पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या. तुमच्या आधी गिरणीत मिरची किंवा हळद दळली नाही ना, हे विचारून घ्या.

४ वाट्या भाजणीला पाव वाटीपेक्षा थोडं जास्त कडकडीत तेलाचं मोहन, तीळ, ओवा, तिखट, मीठ. साधारण भाजणीइतकंच उकळतं पाणी थोडं थोडं घालून कालवा, अर्धा तास झाका, मग लागेल तेवढाच गोळा कोमट पाण्याच्या हातानं मळा. चकली तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालं, त्या गोळ्यात थोडी कोरडी भाजणी मिसळा. दातांना कडक लागली तर मोहन कमी. पाडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. गार झाल्यावर मऊ पडली तर आच मोठी होती, वरून रंग आला आणि आत कच्ची राहिली. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय काढू नका.

यंदा एकच वाटी भाजणीचा घाणा काढा, तोही पोरं शाळेत असताना. पहिल्याच वर्षी "आजीसारखी नाही झाली" हे पानावर बसल्या बसल्या ऐकायला लागू नये.

नीरांजन:
सगळे फराळावर बोलतायत. खरा अवघड दिवस २२ तारखेचा पाडवा, कारण सासऱ्यांना ओवाळणारं माणूसच गेलंय. "तुम्हाला हवं ते करा" म्हणणाऱ्याला मोकळा प्रश्न विचारून उपयोग नाही. दोनच पर्याय द्या, आणि चार दिवस आधी: "पाडव्याला सकाळी नात ओवाळील, की यंदा ओवाळणं भाऊबीजेला आत्याबरोबरच करूया?" पाडव्याला मुलींनी, नातींनी ओवाळण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहेच. माणसं जमल्यावर अचानक पाट मांडू नका, कुणाला नाही म्हणता येत नाही. नणंदेला सवड असेल तर तिला २२ लाच मुक्कामाला बोलवा.

दुसरी वेळ अभ्यंगस्नानाची. पहाटे उठवणं, तेल लावणं, उटणं कालवणं, औक्षण ही कामं बहुधा त्याच करत असणार. कोण काय करणार ते आदल्या रात्री ठरवा, नाहीतर सकाळी सगळे न्हाणीघरापाशी नुसते उभे राहतात. आजोबांच्या पाठीला तेल नऊ वर्षांचा मुलगा सहज लावू शकतो.

किल्ला होऊ द्या. दारात पणत्या लावा, हवा तर एक साधा पांढरा कंदील. फटाके आणि रोषणाई टाळली की बघणाऱ्याला कळायचं ते कळतं.

दारातली_तुळस:
खूप आभार. १९ तारखेचं सासऱ्यांना विचारलं, हो म्हणाले. लोकांना कळवायचं कसं? आणि 'शुभ दीपावली'चे मेसेज येतात त्यांना काय उत्तर द्यायचं?

कढईवाली:
असं पाठवा: "आईंच्या जाण्यामुळे यंदा आमच्याकडे दिवाळी साधेपणाने आहे. भेटायला यायचं असेल तर रविवारी १९ तारखेला सकाळी १० ते १ आम्ही घरी आहोत. कृपया फराळ, मिठाई आणू नये." वेळेची हद्द घालाच. नाहीतर सासऱ्यांना आजारपणाची तीच हकिगत चार दिवस सकाळ-संध्याकाळ सांगत बसावी लागते. आलेल्यांना चहा आणि मारी बिस्किट पुरे. मेसेजला "धन्यवाद, तुम्हालाही" एवढंच. अर्ध्या लोकांनी ते सगळ्यांना एकगठ्ठा पाठवलेलं असतं, त्यांच्या लक्षातही नसतं.

पंचांगवाले_काका:
त्या मेसेजमध्ये 'आईंच्या'ऐवजी सासूबाईंचं नाव लिहा आणि खाली सासऱ्यांचं नाव घाला, तुमचं नको. थोरल्याच्या नावानं गेलं की चुलत घरातून फोन येत नाहीत.