मदत हवी आहे: ही फुलदाणी खरी वेनिनीची की नक्कल?

मिलानला राहणाऱ्या मावशीने तिथल्या जुन्या बाजारातून काचेची एक 'फाझोलेत्तो' फुलदाणी आणली आहे. चारी टोकं वर धरलेल्या रुमालासारखी, साधारण 15 सेंटीमीटर उंच. डिझायनर फुल्व्हियो बियांकोनी आणि वेनिनी काच कारखान्याचे पाओलो वेनिनी यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर घडवलेला हा आकार इतका गाजला की त्याच्या नकला आजही ढिगाने मिळतात. अडचण तीच!

काम झान्फिरिकोचं आहे: पांढरे धागे पीळ देऊन कोंडलेल्या काचेच्या कांड्या शेजारी शेजारी ठेवून, तापवून एकजीव केलेल्या. पीळ एकसारखा दिसतो, पण एका घडीपाशी दोन कांड्यांच्या मध्ये बारीक बुडबुडे आहेत. हातकामात एवढं चालतं, की हे हलक्या मालाचं लक्षण?

तळाशी अॅसिडने उमटवलेला तीन ओळींचा शिक्का असावा, पण भिंगातून फक्त 'मुरानो' वाचता येतं. आणि तो शब्द तर कोणीही उमटवेल. असा शिक्का वापरून पुसट होतो का? कडा, तळाची घासणी, वजन यांवरून काही ठरवता येतं का? विकायची नाहीये, विमा उतरवायचा आहे. मुंबई-पुण्यात अशी काच जाणणारं कोणी असल्यास कृपया सांगा. फोटो कमेंटमध्ये टाकते.