ऑफिसचे कागद श्रेडिंगला किती दिवसांनी द्यावेत?

भोसरी_स्टोअर्स:
भोसरी एमआयडीसीत ३५ माणसांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यापार. महिन्याला ए-४ चे १२ रिम लागतात. श्रेडिंग एजन्सी म्हणते, दर आठवड्याला गाडी येईल असा वर्षाचा करार करा. एवढी गरज असते का? शिवाय माळ्यावर २०१२ पासूनच्या बॉक्स फाइली पडून आहेत, वर्षाला साधारण ६०. त्यातल्या आता कोणत्या देता येतील?

कागद_तोलून:
आठवड्याची गाडी नको. आधी वजन काढा. ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ५०० कागदांचा रिम सुमारे २.३ किलो भरतो, म्हणजे १२ रिमचे २८ किलो. बराचसा कागद फाइलला लागतो किंवा गिऱ्हाइकाकडे जातो. तिसरा हिस्सा टाकाऊ धरला तरी महिन्याला नऊ-दहा किलो. बाहेरून आलेली चलनं, कोटेशनं, बायोडेटा मिळून फार तर पंधरा. चार किलो कागदासाठी गाडी बोलावलीत तरी एजन्सी किमान आकार लावणारच.

कुलूपबंद पेट्या दोनच ठेवा: एक अकाउंट्सजवळ, एक एचआरजवळ. कागद आत जाईल पण हात जाणार नाही एवढीच फट हवी. पेटी पाऊण भरली की उचलायची, ही पहिली मर्यादा. दुसरी मर्यादा दिवसांची: पेटी अर्धीच असली तरी पगाराचे तक्ते आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स महिन्याहून जास्त पडू देऊ नका. तुमच्या आकाराला महिन्यातून एकदा पुरेसं आहे, आणि तारीख पगार झाल्यानंतरच्या आठवड्यातली घ्या. पगारपत्रकाचे कच्चे आणि दुरुस्त केलेले तक्ते त्याच सुमारास बाहेर पडतात.

पेटी तुडुंब भरू देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मग लोक कागद पेटीशेजारी ठेवतात, सफाईवाल्या मावशी ते रद्दीत टाकतात आणि आठवड्याभरात त्याच्या पिशव्या होऊन वाण्याच्या दुकानात लागतात. पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याचंही तेच. एका बाजूला नाव, पगार किंवा खातेक्रमांक असेल तर तो कागद पाठकोरा म्हणून वापरायचाच नाही.

सीए ऑफिस, कर्जाचे एजंट, पॅथॉलॉजी लॅब यांचं गणित वेगळं. तिथे जवळजवळ प्रत्येक कागदावर कुणाची तरी ओळख असते, त्यामुळे वजन कमी असलं तरी आठवड्याची फेरी योग्य.

ताळेबंद:
जुन्या फाइलींचं. कंपनी कायदा २०१३, कलम १२८(५) प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर्स लगतच्या आधीच्या आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. २०२६-२७ मध्ये असाल तर २०१८-१९ पासूनचं सगळं ठेवायचं. २०१७-१८ आणि त्याआधीचं त्या कलमातून सुटलं.

सुटलं म्हणजे लगेच गाडीत भरायचं असं नाही. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम ३६ ची हिशेब जपण्याची ७२ महिन्यांची मुदत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून मोजतात, आर्थिक वर्ष संपल्यापासून नाही. २०१८-१९ ची देय तारीख वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२० झाली होती, म्हणून त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. तुमच्या बाबतीत आठ वर्षांचा नियमच लांब पडतो, पण भागीदारी किंवा प्रोप्रायटरी असलेल्यांनी ही तारीख चुकवू नये. ज्या वर्षाचं अपील किंवा चौकशी चालू आहे, त्या वर्षाच्या खोक्यावर लाल पट्टी लावा. निकालानंतर आणखी एक वर्ष उलटेपर्यंत, किंवा मूळ मुदत त्यापुढे जात असेल तर तोपर्यंत, त्याला हात लावायचा नाही. आयकराची नोटीस असेल तर तेही वर्ष बाजूला.

सभांची इतिवृत्तं, सभासदांची नोंदवही, जागेचे दस्त हे कायमचे. पीएफच्या नोंदीही ठेवाच. माणूस निवृत्तीच्या वेळी जुनी नोकरी शोधत येतो तेव्हा त्याच्याकडे दुसरा पुरावा नसतो.

ही वार्षिक सफाई मासिक पेटीत मिसळू नका. ३१ मार्चला एक वर्ष सुटतं, एप्रिल क्लोजिंगमध्ये जातो, म्हणून मे महिना धरा. पावसाआधी माळा रिकामा होतो. फाइलवर आतल्या मजकुराबरोबर ‘नष्ट करण्याचं वर्ष’ आजच लिहिलंत तर पुढे प्रत्येक फाइल उघडून बघावी लागणार नाही.

चुरा_पी४:
करारात तुकड्यांचा आकार लिहून घ्या. आयएसओ/आयईसी २१९६४ या माहिती नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात कागदासाठी पी-१ ते पी-७ अशा पायऱ्या आहेत, आकडा मोठा तितका तुकडा बारीक. पी-२ म्हणजे ६ मिलिमीटरपर्यंतच्या लांब पट्ट्या. चिकाटीने जुळवल्या तर ओळी वाचता येतात. पगार, बँक, ओळखपत्रं यांना पी-४ हवं, म्हणजे तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नाही. नुसतं ‘श्रेडिंग करून देऊ’ याला अर्थ नाही.

गाडीवरच यंत्र असेल तर एक माणूस शेवटपर्यंत उभा ठेवा. माल त्यांच्या गोदामात जाणार असेल तर पोत्यांना क्रमांकाची सील लावा आणि क्रमांक, वजन, वेळ दोन्हीकडच्या सह्यांनिशी लिहा. प्रमाणपत्रावर तेच क्रमांक, तेच वजन, नष्ट केल्याची तारीख आणि तुकड्याची पायरी हवी. ‘जुने कागद, १ लॉट’ असं प्रमाणपत्र उद्या काहीच सिद्ध करत नाही.

मोठ्या यंत्राला स्टेपलच्या पिना चालतात, पण लिव्हर आर्च फाइलचा लोखंडी सांगाडा काढावाच लागतो. प्लास्टिक फोल्डर, सीडी, पेनड्राइव्ह वेगळे द्या. आणि कागद नष्ट करताना त्याचा स्कॅन शेअर्ड फोल्डरमध्ये आणि झेरॉक्स मशीनच्या हार्ड डिस्कवर राहिलाय का ते बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात कागदावरून स्कॅन केलेली माहितीही येते.

भोसरी_स्टोअर्स:
मनापासून आभार. मासिक पेटी पक्की. माळ्यावरचं एक वर्ष आमच्याच ऑफिसच्या श्रेडरवर केलं तर? काही फाइलींना पाणीही लागलंय.

कागद_तोलून:
६० फाइली, प्रत्येकी ३५० कागद म्हणजे २१,००० कागद. एका वेळी आठ घातले तर २,६०० हून जास्त खेपा. एका खेपेला ६ सेकंद धरले तर निव्वळ २६० मिनिटं. लहान यंत्र दहा मिनिटं चालवून अर्धा तास थंड करावं लागतं, त्या हिशेबाने १७ तास. पात्यांना तेल दिलं नाही तर त्याआधीच अडकेल.

ओला कागद तर त्यात घालूच नका, पात्यांत लगदा बसतो. त्या फाइली उघडून पंख्याखाली सुकवा. चिकटलेले कागद सोडवत बसू नका, गठ्ठा तसाच वेगळ्या पोत्यात भरून वर ‘भिजलेले’ असं लिहा आणि गाडी येण्याआधी एजन्सीला कळवा.