मेथीच्या वाफ्यात मांजरी घाण करतात, काय करू? (सुदामा नगर, इंदूर)

ओटल्यावरची_तुळस

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं सुदामा नगरात जुनं बैठं घर आहे, मागे साधारण १५ बाय २० फुटांचा बगिचा आणि पुढे ओटल्यावर तीसेक गमले. दरवर्षी दिवाळी झाली की मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा लावते. यंदा पण शेणखत घातलं, ढेकळं फोडून माती अगदी रव्यासारखी केली, मेथी टाकली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अर्धा वाफा उकरलेला, कोंब वर आलेले आणि मधोमध घाण. परत टाकली, परत तेच. ओटल्यावर गुलाबाचे दोन गमले पण रोज उकरतात.

शेजारच्या वहिनी चार-पाच मांजरींना सकाळ-संध्याकाळ दूध ठेवतात. त्या एकट्याच असतात, मुलं बाहेरगावी, मांजरी म्हणजे त्यांचा जीव. २२ वर्षांचा शेजार आहे, माझ्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर त्यांनी डबा दिला होता, त्यामुळे मला भांडण अजिबात नकोय.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, काही फरक नाही. संत्र्याची सालं टाकली, दोन दिवस बरं वाटलं मग जैसे थे. कोणीतरी सांगितलं म्हणून लाल तिखट पण टाकलं, आणि संध्याकाळी एक लहान पिल्लू पंजाने सारखे डोळे चोळत बसलेलं दिसलं, इतकं वाईट वाटलं की सगळी वरची माती काढून टाकली. ते परत करणार नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. लेकीला सातवा लागतोय, डिसेंबरात डोहाळजेवणाला येईल ती बाळंतपणापर्यंत इथेच. मांजरीच्या घाणीतून गरोदर बाईला काहीतरी आजार होतो असं ऐकलंय, तर यंदा भाजी लावूच नको का? तिला माझ्या हातची मेथी खूप आवडते हो.

सराफ्याचा_खवय्या

काकू सोपं आहे, डांबराच्या गोळ्या ठेवा गमल्या-गमल्यात आणि भिंतीकडेने फिनाईल मारा, आमच्याकडे तेच करतात. नाहीतर एक दिवस पोत्यात भरून दूर मंडीत सोडून या, तिथे उंदीर खातील मजेत.

महू_रोड

वरचं कृपा करून काहीही करू नका. मी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, २६ वर्षं प्रॅक्टिस झाली, आणि फिनाईलने भाजलेल्या, डांबरगोळी खाऊन आलेल्या मांजरी टेबलावर बघितल्यात. मांजराचं लिव्हर हे पदार्थ कुत्र्या-माणसासारखं मोडू शकत नाही, ती फिनाईलवरून चालते, मग पंजे चाटते, आणि तेवढं पुरे होतं. कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, यांचं पण तसंच, "नैसर्गिक" लिहिलेलं असलं तरी. शिवाय डांबरगोळी ज्या मातीत ठेवणार त्याच मातीतली मेथी तुमची लेक खाणार ना? कायद्याचं पण सांगून ठेवतो, जनावरांशी क्रूरता १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पोत्यात भरून सोडण्याचं म्हणाल तर मागे दूध पिणारी पिल्लं राहिली तर ती उपाशी मरतात, आणि जोपर्यंत दूध आणि भुसभुशीत माती तिथेच आहे तोपर्यंत रिकाम्या जागी महिन्या-दोन महिन्यात दुसरी मांजर येऊन बसते. आणि पकडताना चावली-ओरबाडली तर जखम साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजच्या लसीसाठी पळावं लागेल ते वेगळं.

आता ताई, तुमच्या काळजीबद्दल. आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. घाबरू नका पण हलक्यात पण घेऊ नका. ज्या मांजरीला पहिल्यांदा लागण होते ती साधारण एक ते तीन आठवडेच विष्ठेतून ते जंतू टाकते, आयुष्यभर नाही. ताज्या विष्ठेतले जंतू लगेच लागत नाहीत, त्यांना तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज उचलली तर धोका खूप कमी होतो. पण मातीत एकदा मिसळले की महिनोन् महिने, वर्षभर सुद्धा टिकतात. त्यामुळे लेकीने बगिच्यातल्या मातीला हात लावायचा नाही, लावायचाच झाला तर ग्लोव्हज घालून, नंतर साबणाने हात. मेथी-पालक नीट धुऊन शिजवून खा, शिजवल्यावर प्रश्न राहत नाही. कच्ची कोथिंबीर आणि मुळा मात्र यंदा तिच्या ताटात तुमच्या वाफ्यातला नको. तिच्या डॉक्टरीणबाईंना सांगा, हवी असेल तर त्या रक्ताची तपासणी करतील. अर्धकच्चं मटण हे पण याचं मोठं कारण आहे, ते लोक विसरतात आणि सगळा दोष मांजरीवर टाकतात. वहिनींच्या मांजरीला लेकीने हात लावला तर काही होत नाही, हात धुवायचे बस.

सराफ्याचा_खवय्या

डॉक्टर साहेब, हे माहीत नव्हतं, घरी आजच गोळ्या काढायला लावतो.

गमलेवाली_लोकमान्य_नगर

ताई मी लोकमान्य नगरात गच्चीवर आणि खाली दोन्हीकडे भाजी करते, सात-आठ वर्षं मांजरींसोबतच करून राहिलेय, त्यामुळे अनुभवाचं सांगते. तुम्ही जी रव्यासारखी माती म्हणालात ना तीच त्यांना हवी असते, आपली माळव्याची काळी माती एरवी चिकट आणि सुकली की दगड, त्यात मांजर कशाला उकरेल, आपण खत घालून, मऊ करून कोरडी ठेवतो आणि सगळ्या कॉलनीत तेवढीच जागा तिच्या सोयीची होते. गमल्यांचं पण तेच, त्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असेल आणि वरून सुकलेलं असेल तर तिला त्यात आणि रेतीत काय फरक. आणि एक विचारते, गुलाबाला बोनमील घातलंय का? घातलं असेल तर त्या दोनच गमल्यांचं कारण तेच, हाडाच्या वासाने ती खोदते. मी बोनमील पूर्ण बंद केलं, शेणखत आणि सरसों खली, म्हणजे मोहरीची पेंड, घालते.

वाफ्याला उपाय जाळी. कोंबडीची जाळी म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती, एक इंची भोकाची. मेथी टाकली, पाणी दिलं की वरून जाळी पसरायची, चारी बाजूंना विटा नाहीतर वाकवलेल्या तारेचे खिळे. काठाच्या तारा आत दुमडा, हाताला लागतात. तिने एकदा पंजा टाकला की माती उकरताच येत नाही, मग दोन-तीन दिवसांत नाद सोडते. मेथी भोकातून आरामात वर येते, कापणी पण जाळीवरूनच करायची. गमल्यांत वर गोटे ठेवा, मुठीएवढे, मधे पाणी जायला जागा. माझ्याकडे बोगनवेल आहे तर छाटलेल्या काटेरी फांद्या मी लिंबाच्या आळ्यात टाकते, पण तुमच्याकडे लहान मुलं येत असतील तर नको.

संध्याकाळी पाणी द्या, रात्री माती ओली असली की तिला नको वाटतं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं हे मला पण माहितीये, पण डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी एका बादलीत साठवलं तर एवढ्या वाफ्याला पुरतं. आणि जागा उघडी ठेवूच नका, जिथे काही लावलं नसेल तिथे वाळलेला पाला जाड पसरा किंवा सरळ पुदिना लावून टाका, महिन्याभरात जमीन झाकतो.

ओटल्यावरची_तुळस

अगं बाई, बोनमील! नर्सरीवाल्याने सांगितलं म्हणून दसऱ्यालाच घातलं होतं, त्या दोनच गमल्यांत. आता कळलं. आणि मुळ्याला जाळी चालेल का? मुळा जाड होऊन अडकणार नाही ना?

गमलेवाली_लोकमान्य_नगर

मुळ्याची पानं चार बोटं झाली की त्यावरची जाळी काढून टाका, तोवर वाफा भरलेला दिसतो, तिला बसायला जागा राहत नाही.

मांजरीवाली_आत्या

मी वाचत होते आणि राहवलं नाही. मी राजेंद्र नगरात राहते आणि मी तुमच्या शेजारच्या वहिनींसारखीच आहे, सहा मांजरींना खायला घालते. आमच्या शेजाऱ्यांचा पण असाच त्रास झाला, त्यांनी मला एक दिवस बोलावून चहा पाजला आणि वाफा दाखवला, एक शब्द वाकडा बोलले नाहीत, आणि खरं सांगते मला तोपर्यंत कल्पनाच नव्हती. खाऊ घालणाऱ्याच्या घरात मांजर घाण करत नाही, ती खायच्या जागेपासून लांब जाते, म्हणून आम्हाला दिसतच नाही. तुम्ही पण त्यांना नेऊन दाखवा, त्यांना वाईट वाटेल पण राग येणार नाही असं वाटतं.

मग आम्ही दोघांनी मिळून केलं ते असं. भिंतीच्या कोपऱ्यात, शांत आणि थोडी सावली असलेल्या जागी विटांची चौकट केली, दोन बाय तीन फूट, त्यात वीतभर रेती. पहिल्या दिवशी वाफ्यातली थोडी घाण झालेली माती त्यात टाकली, वासावरून त्यांना समजतं. चार दिवसांत मोठ्या दोघी तिथे जायला लागल्या, पिल्लं त्यांचं बघून शिकली. रोज सकाळी मी खुरप्याने उचलते, कागदात गुंडाळून कचरा गाडीत देते, कंपोस्टच्या ड्रममध्ये कधीच नाही. हे काम वहिनींनी करायचं असं ठरवून घ्या, लेक असताना तर नक्कीच.

दुसरं म्हणजे दूध. बहुतेक मोठ्या मांजरींना दूध पचत नाही, पोट बिघडतं, मग पातळ होतं आणि जिथे-तिथे होतं. मला पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच कळलं, लहानपणापासून मांजर म्हणजे दूध असंच बघितलेलं. आता उकडलेलं चिकन किंवा अंडं नाहीतर पॅकेटचं खाणं, ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासाने वाटी उचलून घ्यायची, आणि पाणी कायम.

आणि नसबंदी. चार-पाच आहेत तर पुढच्या वर्षी बारा होतील, मांजर सहा महिन्यांची व्हायच्या आधीच गाभण राहू शकते आणि ९ आठवड्यांत विते. बोक्याची केली की तो भिंतीवर-दारावर मुतणं पण खूप कमी करतो, त्या वासाचा त्रास ज्यांना झालाय त्यांना कळेल. आम्ही खर्च अर्धा-अर्धा केला. भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचं टोक थोडं कापतात म्हणजे लांबून कळतं की हिची झालीये, आणि तेव्हाच रेबीजची लस पण देऊन घ्या.

आमची आजी म्हणायची, मांजर मेलं हातून तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. तुम्ही तिखट टाकलेली माती काढून टाकलीत हे वाचून बरं वाटलं.

महू_रोड

आत्यांच्या सगळ्याला दुजोरा. फक्त एक, पिल्लं अंगावर पिणारी असतील तर आधी ती सुटी होऊ द्या, मग आईची करा. आणि बगिच्यात लिली लावू नका, तिचा पराग चाटला तरी मांजरीची किडनी जाऊ शकते.

ओटल्यावरची_तुळस

मंडळी, तीन आठवडे झाले म्हणून कळवते. बोनमीलचे दोन्ही गमले रिकामे करून माती बदलली, वर गोटे, तेव्हापासून हात लावलेला नाही. मेथीच्या वाफ्यातली वरची वीतभर माती काढून टाकली, नवी घातली आणि जाळी टाकली, पहिल्या रात्री कोपरा उचकटलेला होता, तिथे वीट कमी पडली होती, नंतर नाही. मेथी आता बोटभर झालीये. कोथिंबीर यंदा ओटल्यावर टांगलेल्या टोपलीत लावली, नवीन मातीत.

वहिनींकडे जायला आठ दिवस धीर होत नव्हता. गेले, वाफा दाखवला, त्या रडायलाच लागल्या, म्हणाल्या इतके दिवस बोलला का नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच रेती मागवली, त्यांच्या बाजूला पेरूखाली चौकट केलीये. तीन जणी जातात तिथे, एक पांढरी अजून माझ्या पुदिन्यात येते. दोघींची नसबंदी झाली, बोक्याला पकडायला जमत नाहीये, तो पिंजऱ्याजवळ येतो आणि वास घेऊन परत जातो. डॉक्टर साहेब, पिंजऱ्यात काय ठेवावं?

महू_रोड

आदल्या दिवशी संध्याकाळपासून कोणीच खायला देऊ नका, वहिनींना पण सांगा. पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, आत सुकी मासळी ठेवा, आणि तुम्ही दिसणार नाही इतक्या लांब बसा.