विषय : अस्वलाच्या मुलखात पिस्तुलात कुठली गोळी?

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरात पहिल्यांदाच धनुष्य घेऊन एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातोय, अमेरिकेत मोंटानातल्या बोझमनच्या दक्षिणेला. ग्रिझली, म्हणजे तिथलं मोठं तपकिरी अस्वल, अंगावर आलंच तर बचावाला म्हणून कमरेला टेन एमएमचं पिस्तूल ठेवीन. घरात हॉलो पॉइंटची, म्हणजे नाकाला पोकळी असलेल्या गोळ्यांची, दोन खोकी पडून आहेत, तीच भरली तर चालतील? काका गणपतीसाठी ठाण्यात आहेत, तरी त्यांनाच विचारतो.

---

अरे, ठाण्यात आहे म्हणजे संन्यास नाही घेतला. पोखरण रोड दोनला भावाच्या गॅलरीत बसून लिहितोय. समोर येऊरचा डोंगर असायला हवा, पण पावसाने पुसून टाकलाय.

हॉलो पॉइंट घरीच राहू दे. ती मांसात शिरली की फुलते आणि लवकर थांबते, चोरासाठी ठीक आहे. ग्रिझली डोकं खाली घालून समोरून येतं. मध्ये चरबी, खांद्याचे जाड स्नायू, हाडं. तिथे न फुलता सरळ खोल जाणारी हवी. म्हणून हार्ड कास्ट घे : कथील-अँटिमनी मिसळून कडक केलेलं शिसं, नाक चपटं. टेन एमएममध्ये गोळीचं वजन २०० ते २२० ग्रेन. २२० ची जोरकस गोळी सेकंदाला साधारण १,२०० फुटांनी निघते. पण खोकं फोडून थेट रानात जाऊ नकोस. आधी रेंजवर पन्नासेक गोळ्या झाडून बघ, तुझ्या पिस्तुलात अडकत नाहीत ना ते बघ, आणि नळीत शिसं साचतं ते साफ कर.

मी पूर्वी फोर्टी-फोर मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर वागवायचो. ताकद जास्त, वाद नाही. पण हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने बाकीच्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते आणि चक्र फिरेनासं होतं. माझं रेंजवर एकदा अडकलं. नशीब, समोर कागदच होता.

आणि अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे घेच. ग्रिझली तीस मीटर दोन सेकंदांत तोडतं. स्मिथ आणि हेरेरो यांनी अलास्कातले प्रसंग तपासले होते : २००८ च्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वल ९२ टक्के वेळा थांबलं, २०१२ च्या अभ्यासात पिस्तुलाने ८४ टक्के वेळा काम झालं. या दोन आकड्यांची कुस्ती लावू नकोस, प्रसंग वेगवेगळे होते. मी दोन्ही बाळगतो.

तू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेस ना? मग चालू हंटिंग लायसन्स खिशात असू दे. ते नसेल तर त्या व्हिसावर बंदूकच काय, एक काडतूस बाळगणंसुद्धा फेडरल गुन्हा आहे.

इथली गंमत सांगतो. येऊरला बिबटे आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत एक तर कोरम मॉलमध्ये शिरला होता. तरी आमच्या सोसायटीचा वॉचमन रात्री काठी आणि बॅटरीवर फेरी मारतो, आणि वहिनी पहाटे मोबाइलवर मोठ्याने अभंग लावून चालते. शिकारीचा विषय इथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मिटलाय.

निघायच्या आदल्या रात्री तुझ्या काकूने माझी सॅक उलटी करून झटकली. बडीशेपेची पुडी, एक मोजा, आणि टण्णकन फरशीवर टेन एमएमचं काडतूस. काही बोलली नाही. उचलून ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी उभं करून ठेवलं. मुंबई विमानतळावर ते स्कॅनरमध्ये दिसलं असतं तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली पोलीस, वकील, तारखा. 'चुकून राहिलं हो साहेब' हे कोर्टात पटवत बसायचं. शिकारीची सॅक वेगळी ठेव.

---

काका, हार्ड कास्ट मागवली. सॅकही झटकली. दोन निघाली. दिवाळीला हीच सॅक घेऊन डोंबिवलीला येणार होतो.
होल्स्टर कमरेला की छातीवर?

---

छातीवर. कमरेला सॅकचा पट्टा येतो, हात पोचत नाही. येताना रिकामी नवी सॅक घेऊन ये, वहिनी चकल्या देणार आहे.