शब्दचर्चा: पासथ्रू म्हणजे 'प्रवेश', 'वापर' की 'ताबा'?

विचारणा

क्युब्स ओएस, म्हणजे निरनिराळी कामे वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकांत) विलग ठेवणारी कार्यप्रणाली, हिच्याविषयीच्या एका मजकुराचा अनुवाद तपासताना 'विलग प्रणालीला हार्डवेअरमध्ये प्रवेश देणे धोक्याचे असते' हे वाक्य समोर आले. नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी कंट्रोलर थेट एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करणे, म्हणजेच पासथ्रू, असा तेथे संदर्भ आहे. 'प्रवेश' हा शब्द येथे चालेल का?

प्रतिसाद १

व्याकरणदृष्ट्या चालेल, पण धोका नेमका कोठून येतो हे त्यातून कळत नाही. पीसीआय उपकरणे डीएमए पद्धतीने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, मुख्य मेमरीत थेट वाचू-लिहू शकतात. कार्ड चालवणारा ड्रायव्हर ज्या मशीनमध्ये असतो, त्या मशीनमध्ये शिरलेला हल्लेखोर त्याच कार्डाकरवी यजमान प्रणालीच्या, म्हणजे ही व्हर्च्युअल ('पाहुणी') मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, मेमरीला हात घालू शकतो. त्याला अडवते ते आयओएमएमयू, म्हणजे कोणते उपकरण मेमरीच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचू शकते हे ठरवणारे हार्डवेअर, ज्याला इंटेलच्या संगणकांवर व्हीटी-डी म्हणतात. म्हणून मी 'ताबा देणे' सुचवीन. 'वापर' हा शब्द, जेथे खरे कार्ड यजमानाकडेच राहते आणि पाहुण्या मशीनला केवळ आभासी कार्ड दिसते, त्या व्यवस्थेसाठी राखून ठेवावा.

प्रतिसाद २

'ताबा' पटला. सातबाऱ्यावर मालकी आणि कब्जा जसे एकच नसतात, तसे येथेही आहे: कार्ड यजमानाचेच, पण ते चालवतो दुसरा. मात्र ताबा परत घेता येतो असे आपण सहज गृहीत धरतो, आणि येथे तीच अडचण आहे. पाहुण्या मशीनने कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे कार्डातच साठवलेले सॉफ्टवेअर, बदलून ठेवलेले असू शकते, आणि उपकरण दुसऱ्याला देण्यापूर्वी ते पूर्ववत करण्याची, म्हणजे रीसेटची, सोय प्रत्येक कार्डात नीट नसते. क्युब्समध्ये उपकरण नीट रीसेट होण्याची अट असते आणि ती शिथिल करण्याचा 'नो-स्ट्रिक्ट-रीसेट' हा पर्याय आहे. तो निवडणाऱ्याने ते कार्ड आज एका मशीनला आणि उद्या दुसऱ्याला देणे टाळावे.

आयओएमएमयू असले की प्रश्न मिटला, असेही नाही. २०११ साली राफाल वोइत्चुक आणि योआना रुत्कोव्स्का या सुरक्षा संशोधकांनी दाखवले की इंटरप्ट रीमॅपिंग (उपकरणांकडून येणारे इंटरप्ट तपासण्याची सोय) नसलेल्या यंत्रांवर, पाहुण्याच्या ताब्यातील उपकरणाकडून बनावट इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत, पाठवून व्हीटी-डीचे कुंपण ओलांडता येते.

प्रतिसाद ३

शब्दाइतकेच ते पूर्ण वाक्यही तपासावे, कारण ते अर्धसत्य आहे. क्युब्समध्ये नेटवर्क कार्ड 'सिस-नेट' या वेगळ्या मशीनला जाणीवपूर्वक दिलेले असते, जेणेकरून वाय-फाय ड्रायव्हरमधील त्रुटीचा फायदा कोणी घेतला तरी तो डॉम-झिरोपर्यंत, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मूळ मशीनपर्यंत, पोहोचू नये. तेथे ताबा देणे हाच बचाव आहे. यूएसबीचे तसे सरळ नाही: पूर्ण कंट्रोलर दिला आणि कीबोर्डही त्यालाच जोडलेला असला, तर ते मशीन प्रत्येक कळ वाचू शकते, इतकेच नव्हे तर स्वतः कळा दाबल्याचे भासवूही शकते, मग स्क्रीनलॉकचा पासवर्डही गुप्त राहत नाही.

माझा मसुदा असा: 'विलग मशीनकडे एखाद्या उपकरणाचा ताबा दिल्यास त्या उपकरणाची मेमरीपर्यंतची पोहोचही त्या मशीनच्या हाती जाते.' 'विलग' मात्र तसाच ठेवावा. काहींनी केलेला 'एकाकी' हा पर्याय माणसांसाठीच बरा.

विचारणाकर्ता

'ताबा' आणि 'पोहोच' हे दोन्ही शब्द घेत आहे. 'पासथ्रू' देवनागरीत तसाच राहील, कारण सेटिंग्जमध्ये वाचकाला तोच शब्द शोधायचा आहे.