मदत हवी आहे: डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) नवीन नियमांवर जातोय, पण शून्य एचपीचं (हिट पॉइंट्स, म्हणजे पात्राचा उरलेला जीव) काय करू?

मंडळी, माझा पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. आमचा फासे टाकून साहसकथा खेळणारा पाच प्लेअर्सचा ग्रुप, ठाण्यात रविवारी दुपारची जेवणं उरकली की आमच्याच डायनिंग टेबलावर बसतो, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) २०१४ च्या नियमांवर सुरू केलेलं, सगळे आता सातव्या लेव्हलला आहेत आणि सगळ्यांना २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकवर, म्हणजे नव्या नियमपुस्तकावर, जायचंय. मी म्हटलं ठीक आहे, कोणाला काय बदल हवेत ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तिथेच चुकलं.

जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढतोय. मंकवाला (हातापायांनी लढणारा) खूश, त्याचा डॅमेजचा फासा डी६ चा (सहा बाजूंचा) डी८ होतोय. पॅलाडिनला बाकी सगळं पुस्तक नवं हवंय पण स्माइट (वार लागला की वरून जादा डॅमेज) तेवढा जुना, कारण आता तो बोनस अ‍ॅक्शनचा (टर्नमध्ये एकदाच मिळणारी छोटी कृती) स्पेल झालाय आणि एका टर्नमध्ये दोनदा हाणता येत नाही. (नाही देणार. माझे बॉस दुसऱ्या राउंडलाच मरायचे.) रेंजरला हंटर्स मार्क (सावजाला जादा डॅमेज देणारा स्पेल) कॉन्सन्ट्रेशनशिवाय (लक्ष लावून धरायचे स्पेल एका वेळी एकच चालतात) हवाय, ते मला पटतं, देऊन टाकेन.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी मागितलेलीच नाही. गेल्या सेशनला हिल जायंटने फायटरला पाडलं, म्हणजे शून्य एचपी, बेशुद्ध. फायटर म्हणजे माझा मामेभाऊ, मिनी (पात्राची सोंगटी) म्हणून बुद्धिबळातला घोडा वापरतो. घोडा आडवा केला, बायकोच्या क्लेरिकने लांबूनच हीलिंग वर्ड हा बरं करणारा स्पेल टाकला, घोडा उभा, दोन वार केले, जायंटने परत आडवा. असं तीनदा. तिसऱ्यांदा तर त्याने घोडा आडवा केलाच नाही, म्हणे "उचलायचाच आहे ना आता!" लहानपणी विषामृत खेळायचो तसं झालंय सगळं.

आणि यात त्यांचं काही चुकत नाही हो, गणितच तसं आहे. जायंटचा एक फटका सरासरी १८ चा, शून्याच्या खाली गेलेलं डॅमेज वाया जातं, मग आधी हील करण्यापेक्षा पडू देऊन उचलणं स्वस्त पडतं. नवीन पुस्तकात हीलिंग वर्ड १डी४ चा २डी४ झालाय, म्हणजे वरचे ४ धरून आमच्या क्लेरिकचे ५ ते ८ होते ते ६ ते १२ होणार. मरणाची भीती आणखीनच गेली.

माझ्या डोक्यात हाऊस रूल असा आहे की शून्यावर गेलास की एक लेव्हल एक्झॉशन (थकवा). जुन्या एक्झॉशनचा तक्ता कोणाला पाठ नव्हता म्हणून कधी वापरलाच नाही, नवीन सोपं आहे, दर लेव्हलला डी२० वर मायनस २ आणि स्पीड ५ फूट कमी, सहाव्याला खेळ खलास. पण लाँग रेस्टला (रात्रभराची विश्रांती) एकच लेव्हल उतरते, म्हणजे तीनदा पडलेला फायटर मायनस ६ घेऊन बसणार, आणि पुढे उभं राहून मार खायचं काम तर त्याचंच, मागे उभा राहणारा रेंजर मात्र ठणठणीत.

तर विचारायचंय हे की कोणी हा रूल प्रत्यक्षात चालवलाय का? लढाई संपल्यावर एकच लेव्हल द्यावी का, कितीही वेळा पडला तरी? आणि डेथ सेव्हलाही (शून्यावर पडल्यावर जगण्यासाठी टाकायचा डी२०) तो मायनस लावता का? कारण १० च्या जागी १२ लागले की एकेक सेव्ह पास व्हायचा चान्स ५५ टक्क्यांवरून ४५ वर येतो, ते मला जरा जास्तच वाटतंय.

ता. क. "पडलेल्याला मॉन्स्टरने अजून मारावं" असं कृपया सांगू नका. जवळून लागलेला फटका क्रिट (डॅमेजचे फासे दुप्पट) होतो, दोन डेथ सेव्ह एका झटक्यात फेल. मी एकदा केलंय ते. मामी फोन करून विचारत होत्या, पोरांचं काय भांडण झालंय म्हणून.